दामले-फत्तेलालांची ‘प्रभात’

१९३७ सालच्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात हिंदुस्थानशी नाते सांगणारे दोन चित्रपट नावाजले गेले. पहिला ‘एलिफंट बॉय’. त्याच्या दिग्दर्शनाचे पारितोषिक रॉबर्ट फ्लाहर्टी आणि झोल्टान कोर्डा या दोघांना मिळून देण्यात आले. दुसरा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांमध्ये त्याचा खास उल्लेख झाला.

कोर्डा हा हंगेरीचा. तुर्केवे नावाच्या गावात १८९५ साली जन्मलेला. थोरला भाऊ अलेक्झांडर निर्माता, धाकटा विन्सेंट कला-दिग्दर्शक, आणि मधला झोल्टान कॅमेरा व संकलन शिकत दिग्दर्शनाकडे आलेला. मायदेश सोडून हे तिघे भाऊ लंडनमध्ये स्थिरावले आणि त्यांनी ‘लंडन फिल्म्स’ नावारूपाला आणली. ‘एलिफंट बॉय’साठी म्हैसूर संस्थानात चित्रीकरण झाले आणि माहुताच्या घरचा साबू नावाचा मुलगा जगभर प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी झोल्टानचा ‘द ड्रम’ आला तेव्हा मात्र मुंबईत त्याविरुद्ध निदर्शने झाली. सरहद्दीवरचे पठाण आणि त्यांना वठणीवर आणणारे गोरे साहेब ही त्यातली मांडणी इथल्या प्रेक्षकाला सहन होण्यासारखी नव्हतीच. झोल्टान हुशार होता, मेहनती होता. १९५१ साली त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ हा चित्रपट केला, तो पाहिला की त्याच्या मनाचा मोठेपणाही कळतो. पण त्याच्या चित्रपटांतला हिंदुस्थान पाहुण्याने पाहिलेला होता. ‘तुकाराम’मधली देहू ही घरच्यांनी उभी केलेली देहू होती. ती उभी करणारी माणसे कोण होती, कुठून आली, हे सांगण्यासाठी कोल्हापूरला जावे लागते.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे नात्यातले बंधू नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमाचे वेड लागल्यावर कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो स्वतःच घडवायचा असे त्यांनी ठरवले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी जिद्द सोडली नाही आणि विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा तयार केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. दामले मूळचे पेणचे, यंत्रात रमणारे. त्यांचे जोडीदार शेख फत्तेलाल कागलचे, कुंचल्यात रमणारे. याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण पडेल ते काम करत दिग्दर्शनापर्यंत पोचला. केशवराव धायबरही तिथलेच. गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम, छायाचित्रण, रसायनात फिल्म धुणे, सगळे हातांनी शिकलेली ही मंडळी. कोणत्याही शाळेचा दाखला त्यांच्यापाशी नव्हता.

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सराफीच्या व्यवसायातले सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधाराने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. पाच भागीदार आणि कामाच्या स्पष्ट वाटण्या. ‘गोपाळकृष्ण’ हा पहिला मूकपट. नंतर आणखी काही मूकपट झाले, त्यांत शिवचरित्रावरचा ‘उदयकाल’ होता. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’. ते सरकारी सेन्सॉरला खपले नाही.

तेवढ्यात सिनेमा बोलू लागला. मूकपटांत मुरलेल्या कित्येक कंपन्या या वळणावर गडबडल्या. प्रभात सावरली ती दामल्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली आणि यंत्र समजून घेऊन ती पेलली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. तारामती झाल्या दुर्गा खोटे. प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित स्त्री चित्रपटात काम करते, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. दिग्दर्शन शांतारामबापूंचे. त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही निघाली आणि दोन भाषांत चित्रपट काढण्याची प्रभातची रीत तिथून रुळली.

१९३३ साली कंपनी पुण्याला आली. एरंडवण्यात त्या वेळी वस्ती विरळ होती. मुंबईची बाजारपेठ जवळ आली आणि मोठा स्टुडिओ बांधायला मोकळी जागा मिळाली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ पुन्हा, या वेळी रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या प्रती जर्मनीत काढल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. हा फटका खाऊनही कंपनी बिचकली नाही. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा पुण्यातला पहिला चित्रपट. चंद्रमोहनचे ते पडदाभर डोळे ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. मग ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले, ‘अमरज्योती’ आला. ‘कुंकू’ (१९३७) हा ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा अशी साकारली की आजही तिच्यासमोर मान खाली जाते. ‘माणूस’मध्ये शिपाई आणि वेश्या, ‘शेजारी’मध्ये हिंदू आणि मुसलमान म्हातारे मित्र. ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर रंगवला मझहर खान यांनी आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हे तीन सामाजिक चित्रपट शांतारामबापूंच्या कीर्तीचा पाया आहेत, आणि ती कीर्ती रास्तच आहे.

पण प्रभातचे नाव घेतले की माझ्या मनात आधी येतात ते दामले-फत्तेलाल. कारण ‘संत तुकाराम’ त्यांचा. शिवराम वाशीकरांची कथा, केशवराव भोळ्यांचे संगीत, शांताराम आठवल्यांची पदे. आठवल्यांनी रचलेला एक अभंग गाथेतलाच वाटावा इतका तुकोबांच्या वाणीत उतरला होता. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती ऋजुता पुढे कित्येक घरांत तुकोबांची ओळखच होऊन बसली. जिजाई केली गौरी यांनी. त्यांनी प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून सुरुवात केली होती. मूल आजारी पडले म्हणून पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाणारी ती जिजाई संतपटातली देवभोळी पत्नी नाही. पोरांच्या तोंडात काय घालायचे, हा तिचा प्रश्न आहे, आणि दिग्दर्शकांनी तो तुकोबांच्या भक्तीइतकाच खरा मानला. शेवटी गरुडावरून वैकुंठाला जाणे आहेच, पण त्याआधी शेण, गोठा, जाते, भाकरी हे सगळे जिथल्या तिथे आहे. चमत्कार पटतो तो त्या गोठ्यामुळे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट सलग ५७ आठवडे चालला.

आमच्या भागाला त्याहून जवळचा आहे तो ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०). दिग्दर्शक तेच दोघे. आमचे नगर जिल्ह्यातले बेलापूर प्रवरेच्या काठावर वसले आहे, आणि हीच नदी खाली गेल्यावर नेवाशाला वळसा घालते. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब तिथे आहे. त्यामुळे माउलीची गोष्ट इथे कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. ती पडद्यावर कशी सांगितली याची मात्र पारख इथला माणूस काटेकोरपणे करतो. भिंत चालते, रेडा वेद बोलतो, हे दाखवायला दामल्यांची तांत्रिक हातोटी लागली. पण चित्रपट लक्षात राहतो तो संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांमुळे. मोठेपणीचे ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, आपल्या नगरचे, १९१८ साली मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेले. ख्रिस्ती घरातला तरुण ज्ञानेश्वर होतो, शेख फत्तेलाल त्या चित्रपटाचे दिग्दर्शन करतात, आणि वारकरी प्रेक्षक हात जोडून तो पाहतात. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आज हे मुद्दाम लिहावे लागते याचे मला दुःख आहे.

पुढची घसरण मात्र लवकर झाली. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभे केले. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा शेवटचा खरा मोठा चित्रपट. जागीरदारांचा रामशास्त्री आणि पेशवाईतला त्याचा निवाडा. ५ जुलै १९४५ रोजी दामले गेले. १९४६ सालच्या ‘हम एक हैं’मध्ये देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि गुरुदत्तही तेव्हा प्रभातमध्येच होता. उद्याचे दोन मोठे कलावंत आवारात वावरत होते, पण कंपनीच्या अंगात बळ उरले नव्हते. पाच जणांच्या हातांवर उभा असलेला डोलारा दोन-तीन हात सुटल्यावर तोलणे कठीण होते. शांतारामबापूंची दृष्टी, दामल्यांचे यंत्र, फत्तेलालांची चित्रकला ही वेगवेगळी मोजायची नव्हतीच. शांतारामबापूंचे पुढचे चित्रपट भव्य झाले, पण ‘कुंकू’मधली ती शांत धार मला त्यांत क्वचितच दिसते. १९५३ साली प्रभात बंद पडली. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. कंपनी गेलेली त्यांना पाहावी लागली.

आवार मात्र वाया गेले नाही. भारत सरकारने १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. जिथे ‘तुकाराम’ घडला त्या आवारात अदूर गोपालकृष्णन, मणी कौल, कुमार शाहनी शिकले, ऋत्विक घटकांनी शिकवले. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि प्रभातचे जे चित्रपट वाचले ते जपण्याची सोय झाली. कागलच्या चित्रकाराने आणि पेणच्या यंत्रवेड्याने बांधलेल्या जागेत साऱ्या देशातली मुले सिनेमा शिकतात, हे मला कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठे वाटते.

हे शिक्षण पुण्यापुरतेही राहिले नाही. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा वर्ग सुरू झाला. नागराज मंजुळे तिथे शिकले आणि त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडेही त्याच वर्गातले. धनगर कुटुंबाच्या भटकंतीवरचा त्यांचा ‘ख्वाडा’ हा पहिलाच चित्रपट. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि दुसरा पुरस्कार मिळाला तो उघड्या माळावर, मेंढरांच्या कळपात, जागेवरच केलेल्या ध्वनिमुद्रणाला.