शिंक थांबली, पण झोप आली : हे फीव्हरच्या औषधांचा इतिहास

१/ इ.स. १८१९. लंडनच्या वैद्यकीय सभेत डॉ. जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची कहाणी मांडली : दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, सततच्या शिंका, कोंडलेला श्वास. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच होते.

२/ या विकाराचे, म्हणजेच हे फीव्हरचे, मूळ गवताच्या परागकणांत आहे, हे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले.

३/ परागकणांमुळे शरीरात हिस्टामिन स्रवते. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्तॉब यांनी त्याला रोखणारे पहिले द्रव्य शोधले. ते विषारी असल्याने रुग्णांना देता आले नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत बेनाड्रिल आले. शिंका थांबल्या, पण रुग्ण पेंगू लागले.

४/ कारण मेंदूला जागे ठेवण्याचे कामही हिस्टामिनच करते आणि हे औषध मेंदूतही शिरत असे.

५/ मेंदूत सहसा न शिरणारे टर्फेनाडिन अमेरिकेत १९८५ मध्ये आले. परंतु काही रुग्णांत हृदयाची लय बिघडल्याने ते मागे घ्यावे लागले. त्याची जागा फेक्सोफेनाडिनने घेतली. बेनाड्रिलमधील मूळ द्रव्य, डायफेनहायड्रामिन, मात्र अमेरिकेत आजही झोपेची गोळी म्हणून विकले जाते. एकेकाळचा दोष हाच त्याचा उपयोग ठरला.