संगणक जाळी, सॉफ्टवेअर-नियंत्रित : क्रमिक स्थित्यंतर

माहितीचे संपुट कोणत्या वाटेने न्यावयाचे हे ठरविणे आणि ते प्रत्यक्ष पुढे धाडणे ही दोन्ही कामे पारंपरिक संगणक जाळ्यात प्रत्येक राउटर स्वतःच करतो. यांपैकी निर्णयाचे काम उपकरणांतून वेगळे काढून एका नियंत्रक प्रणालीकडे सोपविले म्हणजे त्या जाळ्यास सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळे म्हणतात. चालू जाळे बंद न पाडता हा बदल टप्प्याटप्प्याने करण्याच्या पद्धती २०१० नंतर विकसित झाल्या.

नियंत्रण कोठे असावे, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ (१९६९) या जाळ्यात मार्गनिर्णय विकेंद्रित होता. एक केंद्र बंद पडले तरी उरलेली केंद्रे नवी वाट शोधीत. १ जानेवारी १९८३ रोजी हे जाळे एका ठरलेल्या दिवशी नव्या संदेशनियमांवर नेण्यात आले. त्यापूर्वी सु. एक वर्ष जुने व नवे नियम शेजारीशेजारी चालू होते. जाळे लहान असल्यामुळेच अशी तारीख ठरविणे शक्य झाले. पुढील काळातील विस्तृत जाळ्यांत ते शक्य राहिले नाही.

भारतातील शासकीय जाळ्यांची वाढ भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६) १९८० नंतरच्या दशकात ‘निकनेट’ या उपग्रहाधिष्ठित जाळ्याने जिल्ह्यांची मुख्यालये जोडली. त्याची रचना तारकाकृती असून दळणवळण दिल्लीतील मुख्य भूकेंद्रामार्गे होई. साहजिकच भंडाऱ्याहून सु. ६० किमी.वरील नागपूरला जाणाऱ्या संदेशालाही दिल्लीचा फेरा पडे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आता भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. राज्याच्या ‘महास्वान’ या जाळ्याने तालुका ठाणी जिल्ह्याशी व मुंबईशी जोडली, तर ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या केंद्रीय योजनेस २०११ मध्ये मान्यता मिळाली; २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. असे थर एकावर एक चढलेल्या जाळ्यात निरनिराळ्या पिढ्यांची उपकरणे एकत्र नांदतात व प्रत्येकाची मांडणी स्वतंत्रपणे करावी लागते.

या अडचणीवरील उपाय म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘इथेन’ (२००७) व ‘ओपनफ्लो’ (२००८) या पद्धती पुढे आल्या. नियंत्रकाने स्विचला सूचना कशा द्याव्यात याचे समान नियम ओपनफ्लोने घालून दिले. २०११ मध्ये त्यांच्या प्रसारासाठी ‘ओपन नेटवर्किंग फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली.

क्रमिक स्थित्यंतराचे ठळक उदाहरण गूगल कंपनीच्या ‘बी-४’ या आंतरखंडीय जाळ्याचे आहे. त्याचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे प्रथम नव्या केंद्रांना जुनेच मार्गनियम बोलावयास लावले. त्यामुळे शेजारच्या जुन्या राउटरांना ती आपल्यासारखीच वाटत. २०१२ च्या आरंभापर्यंत सर्व वाहतूक नव्या रचनेवर आली. केंद्रीय वाहतूक नियोजनाचा थर त्यावर नंतर चढविला. तो बिघडल्यास काढून टाकून जुन्या लघुतम-मार्ग पद्धतीवर परतण्याची सोय राखली होती. तेथील दुव्यांचा सरासरी वापर दीर्घ काळात सु. ७० टक्क्यांवर पोहोचला. रूढ विस्तृत जाळ्यांत तो ३० ते ४० टक्के असतो.

स्थित्यंतराचे तीन मार्ग प्रचलित आहेत : जाळ्याचा एखादा भाग संपूर्ण बदलून त्याचे बेट करणे, एकाच उपकरणात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालविणे, आणि मोक्याचे मोजके स्विच बदलून वाहतूक त्यांच्यामार्गे नेणे. तिसरा मार्ग २०१४ मधील ‘पॅनॉप्टिकॉन’ या संशोधनात मांडला गेला. खर्च कमी असल्यामुळे तो मर्यादित निधी असलेल्या संस्थांस सोयीचा ठरतो.

केंद्रीय नियंत्रणात एक धोका अंगभूत आहे. नियंत्रक किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली, तर दूरच्या टोकाला निर्णय घेणारे कोणी उरत नाही. लाखांदूरसारख्या तालुक्यात सातबारा उतारा किंवा शिधावाटप संगणकीय जोडणीवर अवलंबून असते. तेथे अशा खंडाची झळ प्रथम शेतकऱ्यास व शिधापत्रिकाधारकास बसते. यासाठी नियंत्रक एकाहून अधिक ठेवतात, तसेच स्विचमध्ये शेवटच्या सूचना टिकवून धरण्याची व जुन्या विकेंद्रित नियमांवर परतण्याची तरतूद करतात. जुने जाळे केव्हा काढावे, हे या तरतुदीची प्रत्यक्ष कसोटी झाल्यानंतरच ठरविणे इष्ट असते.