आवाजाला दिशा कशी मिळाली?

श्रोतेहो, रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या कुत्रे वेशीकडे भुंकते आहे की ओढ्याकडे, हे आपल्याला डोळे न उघडता कळते. कसे बरे? डावीकडचा आवाज डाव्या कानाला कणभर आधी पोचतो आणि थोडा मोठाही लागतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो.

बोलपट आला, तेव्हा नेमकी हीच गोष्ट हरवली. नट पडद्यावर इकडून तिकडे जाई, आवाज मात्र जागच्या जागी! ॲलन ब्लमलाइन हा लंडनचा तरुण इंजिनियर १९३१ साली पत्नीबरोबर सिनेमाला गेला असता त्याला हे खटकले, असे सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटासाठी अर्ज केला. आवाज दोन वाटांनी टिपायचा आणि दोन कर्ण्यांतून ऐकवायचा, ही त्यातली युक्ती. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची रीतही त्यात होती. १९३५ साली त्याने धावत्या आगगाड्यांची चित्रफीत काढून प्रयोग करून दाखवला.

पण चित्रपटगृहांनी ती युक्ती तेव्हा उचलली नाही. पुढे युद्ध पेटले. जून १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून ब्लमलाइन गेला. वय अवघे अडतीस. स्टीरिओ तबकड्या बाजारात सर्रास आल्या त्या १९५८ च्या सुमारास, त्याच दोन भिंतींच्या रीतीने. त्या ऐकायला तो नव्हता.

इकडे अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला ‘फँटेशिया’ दाखवला. पडद्यामागे तीन जागी कर्णे, शिवाय प्रेक्षकांच्या बाजूंनाही. पण यंत्रे इतकी महाग, की मोजक्याच चित्रपटगृहांना ती परवडली. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ चित्रपटात मागचा आवाजही डावा-उजवा असा वेगळा केला, आणि हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती घिरट्या घालू लागले. २०१२ साली डॉल्बी ॲटमॉसने छतालाही कर्णे लावले.

घरच्या संचातही हेच तत्त्व आहे बरं का! समोर तीन कर्णे, मागच्या अंगाला दोन, आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक मोठा खोका. खर्जाची दिशा कानाला नीट उमगत नाही. म्हणून तो एक खोका बहुधा कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एका मुलाचे डोळे बांधा. चारी बाजूंनी एकेक टाळी वाजवा आणि त्याला बोट दाखवू द्या. मग एक कान बंद करून पुन्हा तेच करा. बोट चुकू लागेल. मुले हसतील, ‘असं का?’ म्हणून विचारतील. तेव्हा त्यांना ब्लमलाइनची गोष्ट जरूर सांगा.