पुष्करचा पशुमेळा : सांडणी विकायला आली तेव्हा

आज आपल्याला अरवलीच्या पश्चिमेला उतरायचं आहे. अजमेरहून नाग पहाड ओलांडला की दहा-बारा किलोमीटरवर पुष्कर लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला मारवाडची वाळू, आणि मधे तळं. तळ्याभोवती बावन्न घाट, ब्रह्मदेवाचं देऊळ, आणि कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत स्नानाला लोटणारी माणसं. इथपर्यंतचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं. त्यात शोभेला चार सजवलेले उंटही असतात. आज त्या उंटांविषयीच बोलायचं आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते चुकीच्या वेळी. आठ-नऊ जण होतो, पौर्णिमा धरून बेत केला आणि चतुर्दशीला पोचलो. वाळूच्या टेकड्या, तिकडे त्यांना धोरे म्हणतात, जवळजवळ रिकाम्या. लेंड्या, खुंट्यांची भोकं, विझलेल्या चुली. चहावाला म्हणाला, "बाजार कधीच उठला. तुम्ही यात्रेला आलात."

त्याच्या त्या एका वाक्यात आमचं अर्धं काम झालं. पुष्करला मेळे दोन आहेत. जनावरांचा मेळा दिवाळी सरताच, शुद्ध प्रतिपदेच्या आसपास भरू लागतो आणि एकादशी येईपर्यंत बराचसा ओसरतो. सौदा ठरला की सरकारी तंबूत त्याची ‘सफेद चिट्ठी’ होते. जनावर मेळ्याबाहेर न्यायचं तर ‘रवन्ना’, म्हणजे जाण्याचा परवाना लागतो. यात्रेकरूंची मोठी गर्दी उतरते ती त्यानंतर. घोडेवाले काही जण थांबतात, कारण त्यांना गर्दी हवीच असते. राईका, म्हणजे उंटपाळ, मात्र थांबत नाही. कळप चारायचा असतो.

कार्तिकच का, हे शेतकऱ्याघरच्या माणसाला सांगायला नको. पावसाचं गवत खाऊन जनावर भरलेलं असतं. खरीप घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात, रब्बीची नांगरट तोंडावर असते. उन्हाळा संपलेला, रात्री चालायला चांगल्या. माणूस देवाला येतो आणि जाताना बैल घेऊन जातो, की बैलासाठी येतो आणि आलोच आहोत तर डुबकी मारतो, हा वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे जेजुरीला पौष पौर्णिमेचा गाढवांचा बाजार आहे, माळेगावला खंडोबाची यात्रा आहे, सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार आहे. तिथे तरी कोण वेगळं काढू शकतं?

आता आपला, मराठी माणसांचा, पुष्करशी असलेला संबंध. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा दगा होऊन खून झाला. त्यानंतरच्या तहात अजमेर मराठ्यांकडे आलं. मधली काही वर्षं सोडली तर ते शिंद्यांकडे राहिलं, आणि १८१८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी ते इंग्रजांना दिलं. कर्नल टॉड त्यानंतर लवकरच पुष्करला गेला. ब्रह्मदेवाचं देऊळ तेव्हा नवं होतं. ते शिंद्यांच्या मंत्र्याने, गोकुळ पारखाने बांधलं आणि त्याला एक लाख तीस हजार रुपये लागले, असं टॉड लिहितो. म्हणजे आज ज्याचा फोटो सगळे काढतात त्या देवळात शिंदेशाहीचा पैसा आहे. पुढे इंग्रजांच्या इंपीरियल गॅझेटियरमध्येही कार्तिकी मेळ्याची नोंद आहे : सुमारे एक लाख यात्रेकरू, आणि घोडे, उंट, बैल यांचा मोठा व्यापार.

दुसरा धागा भाषेतला. ‘सांडणीस्वार’ हा शब्द आपण बखरींतून, ऐतिहासिक कादंबऱ्यांतून ऐकत आलो. पुण्याहून पत्र घेऊन निघाला तो सांडणीस्वार. सांडणी म्हणजे उंटीण, स्वारीची मादी. मारवाडातही मादीला ‘सांड’ म्हणतात. आपला सांड म्हणजे वळू, त्यामुळे आम्हा मंडळींचा तिथे दोन दिवस नुसता गोंधळ चालला होता!

या सांडणीभोवतीच राईकांचा सगळा व्यवहार फिरत आला. त्यांची कथा अशी, की पार्वतीने खेळता खेळता मातीचा एक विचित्र प्राणी केला, शंकराने त्यात जीव घातला, आणि मग त्याला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून पहिला राईका निर्माण केला. कथा बाजूला ठेवली तरी इतिहास तोच धंदा दाखवतो. राजपूत दरबारांचे उंटांचे कळप हेच लोक राखत. बिकानेरच्या गंगा रिसाल्यासारख्या उंटदळांमागे अशा पाळणाऱ्यांची मेहनत होती. संस्थानं गेली आणि उंट राखणाऱ्यांकडेच राहिले.

त्यांचे नियम कडक होते. उंटाचं मांस खायचं नाही. दूध प्यायचं, पाहुण्याला द्यायचं, विकायचं नाही. आणि सांडणी जातीबाहेर विकायची नाही. लेकीच्या लग्नात देता येते, बाजारात उभी करता येत नाही. मग विकायचं काय? नर. तरणा, कामाचा नर. तो गाडीवाल्याने, शेतकऱ्याने घ्यायचा. पुष्करचा उंटबाजार म्हणजे या नरांचा बाजार. खाण्यावर नाही, दुधावर नाही, फक्त उंटाच्या कामावर उभा असलेला. राजस्थानात उंटगाडीला विमानाचे जुने टायर लावलेले तुम्ही पाहिले असतील. त्या गाड्या रस्त्यावर होत्या तोवर नराला भाव होता.

मग ट्रॅक्टर आले, डांबरी रस्ते आले, छोटे टेम्पो आले. इंदिरा गांधी कालव्याने वाळवंटाचा मोठा पट्टा ओलिताखाली आणला. शेतकऱ्याचं भलं झालं, पण तीच चराऊ जमीन होती. कुंभलगडसारख्या अभयारण्यात चराईवर बंधनं आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात दहा लाखांहून जास्त उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख, २०१९ च्या गणनेत अडीच लाख.

काम गेलं आणि बाजारात कत्तलीसाठी घेणारे दिसू लागले. यावर राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये कायदा आणला. कत्तल बंद, आणि परवान्याशिवाय उंट राज्याबाहेर न्यायला बंदी. हेतू चांगलाच होता. पण घेणारा बाहेरचा, आणि बाहेर नेणं अवघड. भाव कोसळले. जनावर वाचवायला केलेल्या कायद्याने ते पाळणाऱ्याचा हिशेबच मोडला, असं आमचं मत आहे. कुणाला पटणार नाही, नंतर जरूर बोला. दूध विकण्याचा मार्ग आता काही राईकांनी धरला आहे, सादडी भागात त्यासाठी संस्थेचं कामही चालतं. पण आजोबांनी जे पाप मानलं ते नातवाने दुकान म्हणून चालवायचं, हे एका पिढीत सहज होत नाही. त्यात २०२० मध्ये महामारीमुळे मेळा झाला नाही आणि २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळे जनावरांचा मेळा भरला नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे होऊन षष्ठीलाच पोचलो. पहाटे थंडी, चुलींचा धूर, रेघोट्यांनी कातरलेल्या केसांचे उंट. घोडे मात्र उंटांहून पुष्कळ, त्यांचे मंडप वेगळे, दिवे वेगळे, आणि किमती तर विचारूच नका. उंटांच्या बाजूला एक लाल फेट्याचे म्हातारे राईका बसले होते. आमच्यातल्या एकाने कॅमेरा काढला तसा त्यांनी हात आडवा केला. नराचा काढा म्हणाले, हिचा नको. त्यांच्यामागे सांडणी उभी होती. विकायलाच आणली होती. आम्ही कॅमेरा ठेवून दिला आणि जवळ बसलो. चहा आला, पण किंमत विचारायचं आम्हाला सुचलं नाही, खरं तर धीर झाला नाही. त्यांनीच सांगितलं : मुलगा सुरतेला कामाला आहे, कळपामागे हिंडायला घरात कुणी उरलं नाही. वडिलांच्या हयातीत असं केलं असतं तर पंचांनी हुक्कापाणी बंद केलं असतं. आता पंचांच्या घरच्याच दोन पलीकडे बांधल्या आहेत, म्हणाले, आणि हसले.

श्रोत्यांतून विचारलंय, ती सांडणी विकली गेली का. आम्ही दशमीला सकाळी निघालो तेव्हा ती तिथेच होती. म्हातारबाबा खुंटी उपटत होते. घाटांकडून भोंग्यांचा आवाज सुरू झाला होता, यात्रेकरूंच्या बसगाड्या येऊ लागल्या होत्या.

पुढच्या वेळी लूणी नदीच्या कोरड्या पात्रात भरणारा तिलवाड्याचा मल्लिनाथ मेळा घेऊ. तो चैत्रात असतो. कुणाला यायचं असेल त्यांनी आधी कळवा, या वेळी तिथी आम्ही नीट विचारून ठेवली आहे.