दोन वर्षे आणि साक्षीदाराचा पिंजरा

अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाची स्मरणशक्ती खरोखर किती उणावली, हे न्यायालयाला कोणी सांगायचे? अमेरिकेत हे काम बहुधा चेतामानसशास्त्रज्ञाकडे, म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, येते. या शाखेचा विशेषज्ञ व्हायचे तर तेथे पीएच.डी. मिळाल्यावरही आणखी दोन वर्षे वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करावी, असा दंडक आहे. ही दोन वर्षे कोठून आली, याचा आजचा थ्रेड. गोष्ट रुग्णालयाची वाटते. तिचा बराचसा भाग मात्र न्यायालयात घडतो.

आरंभ वॉशिंग्टनमधून करू. जेन्किन्स नावाच्या आरोपीवर घरफोडी आणि हल्ल्याचा खटला चालू होता. बचाव मनोविकाराचा होता आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी आरोपीच्या बाजूने साक्ष दिली. परंतु मानसशास्त्रज्ञ हे वैद्य नव्हेत, सबब मनोविकाराविषयीचे त्यांचे मत विचारात घेऊ नये, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावले. प्रकरण अपिलात गेले. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मानसशास्त्रज्ञांच्या साक्षीला विरोध केला, मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने समर्थन. १९६२ साली न्यायमूर्ती डेव्हिड बॅझेलन यांनी निकालपत्र लिहिले. त्याचा आशय असा की, साक्षीदाराची पदवी कोणती हा प्रश्न गौण आहे. ज्या विषयावर तो मत देतो त्या विषयातले त्याचे शिक्षण आणि अनुभव किती, हे पाहावे. मानसशास्त्रज्ञांनी हा विजय मानला. माझ्या मते तो विजय कमी आणि कर्ज अधिक होते. पदवीवर भागणार नसेल, तर पुरेसे प्रशिक्षण म्हणजे किती, हे कधीतरी सांगणे भागच होते.

ते सांगायला पस्तीस वर्षे लागली. दरम्यान शास्त्र वाढत होते. वॉर्ड हॉल्स्टेड यांनी १९३५ मध्ये शिकागोत मेंदूच्या रुग्णांसाठी प्रयोगशाळा उभारली होती. त्यांचे शिष्य राल्फ रायटन यांनी त्या चाचण्यांचा संच पुढे विकसित केला. वकिलांनाही या चाचण्यांचे महत्त्व कळू लागले, कारण नुकसानभरपाईच्या दाव्यात आकडे बोलतात. १९८१ मध्ये विशेषज्ञांची परीक्षा घेणारे मंडळ स्थापन झाले. ती परीक्षा मात्र ऐच्छिक होती.

आणि मग १९८८ साली डेव्हिड फॉस्ट, कॅथलीन हार्ट आणि थॉमस गिलमेट यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो वाचताना आजही हसावे की घाबरावे, कळत नाही. त्यांनी नऊ ते बारा वर्षांची तीन निरोगी मुले घेतली. चाचण्या नेहमीपेक्षा वाईट सोडवा, पण सोंग उघडे पडेल इतक्या वाईट नको, एवढेच त्यांना सांगितले. कसे फसवावे याचे कोणतेही शिक्षण दिले नाही. मिळालेले निकाल एका काल्पनिक अपघाताच्या माहितीसह तज्ज्ञांना टपालाने पाठवले. ४२ तज्ज्ञांची उत्तरे आली. त्यांपैकी ९३ टक्क्यांना निकाल विकृत वाटले आणि त्यांतल्या बहुतेकांनी मेंदूतील बिघाड हे कारण दिले. सोंग एकानेही ओळखले नाही.

टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. समोर बसलेला रुग्ण वेगळा आणि टपालाने आलेले कागद वेगळे. पण घाव वर्मी बसला होता. सोंग ओळखण्याच्या चाचण्यांकडे आता गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. स्विस मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांची एक जुनी युक्ती होती. पंधरा चिन्हे दाखवून ती आठवायला सांगायची. काम अवघड आहे असे भासवायचे. प्रत्यक्षात ती चिन्हे सोप्या क्रमांची असतात, त्यामुळे खऱ्या रुग्णालाही बरीचशी आठवतात. सोंग करणारा मात्र नको तितका विसरतो. टॉम टॉम्बॉ यांच्या १९९६ च्या चाचणीत पन्नास चित्रे दाखवतात आणि नंतर दोन-दोन चित्रांतून पाहिलेले चित्र निवडायला सांगतात. डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्मी उत्तरे बरोबर यावीत. त्याहून फारच कमी आली, तर त्या माणसाला बरोबर उत्तर ठाऊक असून तो ते टाळत आहे, असा संशय येतो.

संशयच, हे विसरू नये. गाढ विस्मृती, वेदना, औषधे, परकी भाषा, अपुरे शालेय शिक्षण यांनीही गुण घसरतात. एका चुकीने लबाडाला भरपाई मिळते, दुसऱ्या चुकीने खऱ्या रुग्णावर लबाडीचा शिक्का बसतो. हा फरक कोष्टकात लिहिलेला नसतो. शेकडो खरे रुग्ण पाहिल्याशिवाय तो हाताला लागत नाही.

१९९३ च्या डॉबर्ट निकालाने तज्ज्ञाची पद्धत शास्त्रीय आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी संघीय न्यायाधीशांवर टाकली. सप्टेंबर १९९७ मध्ये या शाखेचे प्रतिनिधी ह्यूस्टनला जमले आणि त्यांनी दंडक ठरवला: पीएच.डी.चा अभ्यासक्रम, इंटर्नशिप आणि त्यानंतर पूर्णवेळ दोन वर्षांइतकी उमेदवारी. अल्पकालीन कार्यशाळा करून कोणी विशेषज्ञ होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. न्यायालयीन अहवाल कसा लिहावा आणि उलटतपासणीत कोठे ‘हे मला सांगता येत नाही’ म्हणावे, हे न्यायसहायक कामाकडे वळणारा उमेदवार बहुधा याच काळात शिकतो.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो यंत्राच्या रूपाने. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये काम केलेले चेतामानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी मेंदूतील विद्युतलहरींवरून गुन्ह्याचा ‘अनुभव’ ओळखण्याचा दावा करणारी पद्धत विकसित केली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर मुंबईतील प्रयोगशाळेचा असा अहवाल ग्राह्य धरून शिक्षा सुनावली. त्याच वर्षी निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी घेणे घटनाबाह्य ठरवले. संमती देणाऱ्यांसाठी तिचा दरवाजा मात्र उघडाच राहिला.