एंजिन हेड : वायुप्रवाह चाचणी व गॅस्केट

हेडमधून (सिलिंडरवरील झाकणातून) वाहणारी हवा मोजणे आणि हेड व ब्लॉक यांमधील सांधा गळतीरहित करणे ही उच्च क्षमतेच्या एंजिनबांधणीतील परस्परपूरक कामे होत. फ्लो बेंच या वायुप्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर ठरावीक दाबफरक, बहुधा २८ इंच (सु. ७११ मिमी.) जलस्तंभ, राखून व्हॉल्व्हच्या प्रत्येक उचलीला प्रवाह मोजतात. उचल व्हॉल्व्हच्या व्यासाच्या सु. एक-चतुर्थांशापुढे गेली की प्रवाहावर पोर्टच्या (हेडमधील वायुमार्गाच्या) आकाराचा प्रभाव वाढतो. चाचणीवेळी हेड व बेंच यांमधील सांध्यातून हवा गळल्यास मापन चुकते. इनटेक बाजूच्या गॅस्केटची (सांधा गळतीरहित करणाऱ्या पट्टीची) कड पोर्टमध्ये आल्यास प्रवाह विस्कळीत होतो.

हेड गॅस्केट ज्वलनवायू, शीतक व तेल यांना वेगळे ठेवते. बहुस्तरीय पोलादी गॅस्केटसाठी दोन्ही पृष्ठभाग सपाट व अतिशय गुळगुळीत लागतात. बोल्ट सामान्यतः मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळतात. असमान ताण पडल्यास गॅस्केट फुटू शकते.

एंजिन व वाहन यांच्याशी निगडित असे काम महाराष्ट्रातही चालते. नाशिक हे वाहननिर्मितीचे व मोटार रॅलीचे केंद्र आहे. महिंद्र कंपनीच्या येथील कारखान्यात स्कॉर्पिओ ही मोटारगाडी तयार झाली. बॉश कंपनीच्या येथील कारखान्यात डीझेल इंधनप्रणालीचे भाग बनतात. महाराष्ट्रातील वाहन व एंजिन चाचणीची प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), पुण्यात आहे.