३ डिसेंबर १९५१ : बहिणाबाई चौधरी यांचे निधन

जळगाव येथे ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई नथुजी चौधरी यांचे निधन झाले. त्या ७१ वर्षांच्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि असोद्याची ही लेक महाराष्ट्राची कवयित्री ठरली.

तरुणपणीच वैधव्य आले. मुलांना वाढवताना शेत आणि चूल या दोन्हींचा भार त्यांनी वाहिला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, खळ्यावर, विहिरीच्या मोटेजवळ लेवा गणबोलीत ओव्या सुचत, त्या कामाबरोबरच गायल्या जात. मुलगा सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या, म्हणून त्या उरल्या. कितीतरी विरून गेल्या, ही हळहळ आजही वाटते.

घरातल्या बाईचे आयुष्य एरवी कुठे नोंदले जात नाही. दळण, सारवण, पेरणी, मुलांची आजारपणे यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. बहिणाबाईंनी याच कामांतून कविता घडवली. त्यासाठी संसारातून वेगळा वेळ मागितला नाही. आईचे बोलणे वहीत उतरवून घ्यावे, हे त्या मुलाला सुचले, याचेही मोल फार मोठे आहे.

जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. पाटीवर अक्षर न गिरवलेल्या या माउलीचे नाव २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला देण्यात आले.